लोकल नसलेला दिवस

रविवारचा मेगाब्लॉक अंबरनाथ-बदलापूरच्या मुलांच्या अंगवळणी पडलेला असतो. पण दिवसभर एकही गाडी नाही, हे लंडनला शिकायला गेल्यावर पहिल्या नाताळात कळतं. २५ डिसेंबरला तिथे रेल्वे बंद, मेट्रो बंद, बसही बंद. जर्मनीत तर २५ आणि २६ असे दोन्ही दिवस दुकानं बंद. डाळ-तांदूळ आधीच भरून ठेवावे लागतात.

मग घरी न गेलेले सारे वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात जमतात. उल्हासनगरचं कुणी साईभाजी करतं, बदलापूरचं कुणी वरणफळं, नायजेरियाचा मित्र जोलोफ भात. लंडनला दुपारचे दोन वाजले की घरी फोन. इकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात.

शेजारच्या कल्याणची आनंदीबाई जोशी १८८३ साली, अठराव्या वर्षी फिलाडेल्फियात डॉक्टरकी शिकायला गेली, तेव्हा फोन कुठला? पत्र पोचायलाच आठवडे लागत. पण परक्या देशात तिला थिओडिशिया कार्पेंटर भेटल्या. त्यांना ती मावशी म्हणे. कॉलेजात जपानची केई ओकामी होती, सीरियाची साबात इस्लामबूली होती.

ज्यांची मुलं यंदा बाहेर आहेत, त्यांनी आज फोनवर जेवणाबरोबर त्यांच्या तिथल्या मित्रमैत्रिणींचीही चौकशी जरूर करावी.