खुर्ची मागे झुकते तेव्हा

बसा. जिथे असाल तिथेच पाठ टेकवा. डोळे मिटायचे की उघडे ठेवायचे ते तुमचं तुम्ही ठरवा. काहींना मिटल्यावरच जास्त भीती वाटते.

आता जीभ दातांवरून फिरू द्या. खालच्या शेवटच्या दाढेपासून पुढे, सावकाश. एका जागी ती अडखळेल. कड लागते तिथे, घास अडकतो तिथे, ज्या बाजूनं चावणं तुम्ही कधीचं सोडून दिलंय तिथे. थांबा. ती जागा आहे, एवढंच आज कबूल करायचं.

दाढ ठणकायला लागल्यापासून लवंग झाली, गोळी झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या. मध्ये एकदा वेळही घेतली होती, मग फोन करून ती पुढे ढकलली. तो फोन ठेवल्यावर किती हलकं वाटलं होतं, आठवा. त्या हलकेपणातच राहा थोडं. भीती पोसली जाते ती तिथे. दवाखान्यात काय झालं असतं हे कळलंच नाही, सुटका मात्र लगेच मिळाली. पुढच्या वेळी पाय आणखी जड होणार.

जबडा आवळला गेलाय का बघा. ओठ मिटलेले, पण वरचे-खालचे दात एकमेकांना न लागलेले, अशी जबड्याची विसाव्याची ठेवण असते. तसं होऊ द्या. श्वास नाकानं आत. सोडताना तो थोडा लांबवा.

आता मनातल्या मनात त्या खुर्चीत बसा. ती मागे झुकते, दिवा चेहऱ्यावर येतो. नेमकं कशाचं भय वाटतं? सुईचं? त्या किर्र आवाजाचं? ‘इतके दिवस काय करत होतात?’ या प्रश्नाचं? घाई नाही. यातलं तुमचं जे असेल त्याच्याजवळ बसा.

आवाजाचं असेल, तर तो हवेचा आहे. दाबाखालच्या हवेवर फिरणारी ही दात कोरायची यंत्रं 1957 च्या सुमारास बाजारात आली. त्यांतली टिकलीएवढी चकती मिनिटाला लाखो फेरे घेते आणि तीच किंचाळते. पण आवाज म्हणजे दुखणं नव्हे: दाताच्या बाहेरच्या कठीण कवचात तर नसाच नसतात.

दुखण्याचं असेल, तर इथे जरा जास्त वेळ थांबू. आज सर्रास वापरतात ते भुलीचं औषध, लिडोकेन, 1943 साली स्वीडनमध्ये तयार झालं. ते नसेतून निघालेला संदेश वाटेतच अडवतं. वेदना वाहणारे बारीक तंतू आधी बंद पडतात. दाब आणि स्पर्श वाहणारे जाड तंतू बरेचदा जागेच राहतात. म्हणून भूल चांगली चढल्यावरही कुणीतरी दाढ ढकलतंय, हलवतंय हे कळतं, आणि घाबरलेलं मन त्यालाच दुखणं म्हणतं. डाव्या हाताचा अंगठा उजव्या तळव्यात रोवा. जोरात. स्वतःला विचारा: दाब आहे की दुखतंय? पुन्हा रोवा, पुन्हा विचारा. खुर्चीत हाच प्रश्न कामाला येणार आहे. (सुईनंतर छातीत धडधडलं तर घाबरू नका, औषधात बरेचदा थोडं ॲड्रेनलिन मिसळलेलं असतं. हृदयाचा त्रास किंवा रोजच्या गोळ्या असतील तर मात्र ते डॉक्टरांना आधीच सांगायचं.)

आणि तुम्हाला पूर्वी खरोखरच दुखलं असेल, तर ती आठवण खोटी ठरवू नका. पू झालेल्या दाढेभोवती आम्लता वाढते, तिथे भूल नीट चढत नाही. असह्य होईपर्यंत थांबलेला माणूस नेमका अशाच वेळी पोचतो. लवकर गेलेल्याची खुर्ची वेगळी असते.

पण मला विचाराल तर सुई आणि आवाज या दोन्हींच्या तळाशी आणखी एक भीती असते. तोंड उघडं, त्यात दुसऱ्याचे हात, आणि ‘थांबा’ म्हणायला जीभ मोकळी नाही. एरवी चारचौघांत कुणाला न जुमानणारी माणसं याच खुर्चीत लहान होतात, त्यात नवल नाही. यावर उपाय हाताचा. डावा हात मांडीवर ठेवा. आता तो उचला, खांद्याइतका. मनातले डॉक्टर थांबले, हत्यार बाहेर आलं, तुम्ही थुंकलात, श्वास घेतलात. हात खाली. काम पुन्हा सुरू. तीन-चारदा असं करा. दुखत नसतानाही उचला, नुसतं आपल्या सांगण्यावरून काम थांबतं हे बघायला.

डोळे मिटले असतील तर उघडा. आता एक वाक्य मोठ्यानं म्हणा, फोनवर म्हणायचंय तसंच: “मला फार भीती वाटते. पहिल्या दिवशी फक्त तपासा, बाकी काही करू नका. आणि मी हात वर केला की थांबाल ना?” पलीकडून सरळ ‘हो’ आलं नाही, तर तो दवाखाना सोडा आणि दुसरा नंबर लावा.