वाडा आणि वॉर्ड

महापालिकेची निवडणूक आली की सोलापूरच्या सात रस्त्यावर एक शब्द हमखास झळकतो: 'रक्ताचा वारस'. वडिलांचा फोटो मोठा, मुलाचा त्याहून मोठा. रक्त असले की हक्क आलाच, हे आपल्याकडे परंपरा म्हणून खपवले जाते. परंपरेलाच ते ठाऊक नव्हते.

पुरावा शेजारच्या अक्कलकोटात आहे. 1707 मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून परतत असताना पारद गावाजवळ चकमक झाली आणि गावचा पाटील सयाजी लोखंडे मारला गेला. पाटलीणबाईने पोर शाहूंच्या पालखीपुढे ठेवले. त्या राणोजी लोखंड्याचा फत्तेसिंह भोसले झाला आणि अक्कलकोटचे राजघराणे तिथून सुरू झाले. भोसल्यांच्या रक्ताचा थेंब नसताना भोसले! गादी चालवायला माणूस लागतो, एवढे जुन्यांना पुरेसे होते. खुद्द साताऱ्याची गादीही पुढे दत्तकाने तगली.

आता थेट 1848. साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी मृत्युशय्येवर घेतलेला दत्तक डलहौसीने मानला नाही, राज्य खालसा केले. झाशी, नागपूर सगळ्यांना पाठ आहे. पण 'डलहौसीने दत्तक नाकारला' हे वाक्य अर्धेच खरे. दत्तकाने खासगी मालमत्तेचा वारस व्हायला त्याची हरकत नव्हती. नाकारले ते राज्य. औरस मुलाला जे मिळाले असते ते दत्तकाला नाही, यातली लबाडी उघड आहे. तरीही त्या लबाडीत एक रास्त प्रश्न दडला होता: घरातली भांडीकुंडी आणि लोकांवरची सत्ता एकाच वारसपत्राने कशी जाईल? प्रश्न बरोबर, उत्तर लुटारूचे. कारण 'राज्य मग कोणाचे?' यावर तो 'कंपनीचे' म्हणाला, 'रयतेचे' नव्हे. आपण उत्तराचा राग प्रश्नावर काढला. सत्तावनचा वणवा विझल्यावर, 1862 मध्ये, कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या आणि तो प्रश्नही गाडला गेला.

खासगी मालमत्ता आणि सत्ता यांतला फरक कळायला इंग्रजच यावा लागतो असे नाही. जपानच्या योनेझावाचा सरदार उएसुगी योझान दुसऱ्या घराण्यातून दत्तक आला आणि 1767 मध्ये गादीवर बसला. कर्जात बुडालेली जहागीर त्याने सावरली. 1785 मध्ये निवृत्त होताना त्याने गादी दिली ती दत्तक वडिलांच्या सख्ख्या मुलाला, आणि सोबत तीन कलमे लिहून दिली. त्यांचा मथितार्थ असा: राज्य आणि प्रजा आपली खासगी वस्तू नव्हे, प्रजेसाठी धनी असतो, धन्यासाठी प्रजा नसते. इथे गादी रक्ताकडे परतली खरी, पण मालकी म्हणून नव्हे, जबाबदारी म्हणून.

आपल्याकडे हा हिशेब 1948 मध्ये मिटला. अक्कलकोट संस्थान विलीन झाले, राज्य लोकांचे झाले. 1971 मध्ये संस्थानिकांची मान्यता आणि तनखेही गेले. फत्तेसिंहाच्या घराण्याला गादी सोडावी लागली आणि आपण मात्र तीच गादी प्रभागाप्रभागात मांडू लागलो आहोत.

वारसाला वाडा जरूर मिळावा. वॉर्ड मात्र त्याने दर पाच वर्षांनी दारोदार जाऊन मागावा.