चौथं वर्ष

जून सरत आला की सांगलीपासून सोलापूरपर्यंत सकाळच्या चहाबरोबर एकच चौकशी होते : कोयनेत किती झालं? उजनी मायनसमधून वर आलं का? या चौकशीच्या मुळाशी एक जुना हिशेब आहे. तो प्रत्येकाला माहीत असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

कृष्णेचं पाणी तीन राज्यांत वाटून देताना बचावत लवादापुढे 1894-95 ते 1971-72 अशा 78 वर्षांच्या प्रवाहाच्या नोंदी होत्या. लवादाने सरासरी धरली नाही. चारांतल्या तीन वर्षी नदी निदान जेवढं पाणी देते तेवढं, म्हणजे 2060 टीएमसी, वाटपाला घेतलं. त्यातलं 560 महाराष्ट्राच्या वाट्याला आलं. हा आकडा मला फार प्रामाणिक वाटतो. चौथ्या वर्षी पाणी कमी पडणार, हे त्याने आधीच कबूल केलेलं आहे. अमेरिकेत कोलोरॅडो नदीची वाटणी 1922 साली झाली, तेव्हा हाताशी असलेल्या थोड्या वर्षांच्या मोजणीवर भरवसा ठेवला गेला. पुढे झाडांच्या खोडांतली वर्षवलयं तपासली, तेव्हा कळलं की तो काळ कित्येक शतकांतल्या सर्वांत ओल्या काळांपैकी होता.

पण चौथं वर्ष रांगेत उभं राहून येत नाही. 1972चा दुष्काळ कोसळला तो आधीच्या दोन अपुऱ्या पावसाळ्यांवर. लवादाची 78 वर्षं नेमकी त्याच्या उंबरठ्यावर संपतात. शिवाय पाऊस जेवढा घटतो त्याहून नदी जास्त आटते. तापलेली जमीन आधी स्वतःची तहान भागवते, विहिरी आणि पाझर तलाव आपला वाटा घेतात, आणि उरलं तर ओढ्याला पाणी सुटतं. म्हणून पर्जन्यमापकावर थोडी दिसणारी तूट धरणाच्या येव्यात मोठी होऊन उतरते.

ती तूट सोसतो कोण? लवादाच्या कागदावर ती राज्यांची असते. गावात ती कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याची होते. आवर्तन लांबतं, आणि त्याच्यापर्यंत पोचतो तो ओला चिखल. वरच्या अंगाला मात्र भरल्या धरणाच्या वर्षी लावलेला आडसाली ऊस उभा असतो. तो दीड वर्षाचं पीक. पुढचा उन्हाळा कसाही असो, त्याला पाणी लागणारच. त्यामुळे चौथ्या वर्षाची वाटणी, म्हणजे कोणाचं किती आवर्तन कमी होणार आणि टेलला पाणी कधी पोचणार, धरण काठोकाठ भरलेलं असताना पाणीवापर संस्थेच्या बैठकीत ठरायला हवी, ऊस लावायच्या आधी. मेमध्ये ती वाटणी करायला बसलं, की गेटजवळचा माणूस ऐकत नाही आणि टेलच्या माणसाकडे मागायला काही उरत नाही.