शिक्षा कोठें संपते?

आमच्या परिचयाच्या एका सातारकर कुटुंबांत एक साधा दिसणारा प्रश्न उद्भवला, आणि तो आमच्याकडे सल्ल्यासाठीं आला. घरचा मुलगा पुण्यास नोकरीला आहे. तीन वर्षांपूर्वीं एका मित्राच्या मेजवानीहून मध्यरात्रीं मोटार हांकीत परतत असतां पोलिसांनीं त्याला अडविलें. तपासणींत मद्याचें प्रमाण कायद्याच्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे निघालें. कोर्टांत त्यानें गुन्हा कबूल केला, दंड भरला, कांहीं महिने वाहन चालविण्याचा परवानाही गमावला. कोणास इजा झाली नव्हती. त्यानंतर त्यानें मद्यास स्पर्श केला नाहीं असें घरचीं माणसें सांगतात, व आमचाही त्यावर विश्वास आहे. आतां त्याला कॅनडांत चांगली नोकरी चालून आली, आणि अर्जांतील एका प्रश्नापाशीं सगळें घर अडून बसलें. पूर्वीं कधीं, कोणत्याही देशांत, गुन्ह्याबद्दल शिक्षा झाली आहे काय, असा तो प्रश्न होता.

वडिलांचें म्हणणें, "एवढीशी गोष्ट ती, कोणाला कळणार आहे?" सांगलीहून आलेल्या आत्याबाईंचें म्हणणें त्याहून जोरदार. "दंड भरला ना? मग फिटलें! एकदां सरकारनें वसूल केलें, आतां परक्या मुलखानें तेंच खातें पुन्हां कां उघडावें?" आत्याबाईंचा हा प्रश्न वाटतो तितका भोळा नाहीं. शिक्षा कोठें संपते, या फार जुन्या प्रश्नाचें तें घरगुती रूप आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. आमच्या समाजाची दृष्टि या गुन्ह्याविषयीं सौम्य आहे. कायदा मात्र तितका सौम्य नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमाप्रमाणें १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असतां वाहन चालविणें हा गुन्हा असून, पहिल्या खेपेस सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊं शकतात. कॅनडाची मर्यादा ८० मिलिग्रॅमची, म्हणजे आमच्याहून सैल. पण ती ओलांडणारास तो देश फार कठोर आहे. १८ डिसेंबर २०१८ पासून तेथें या गुन्ह्याची कमाल शिक्षा ५ वर्षांवरून १० वर्षांवर नेण्यांत आली. त्यामुळें असा गुन्हा परदेशांत केलेला मनुष्यही तेथें गंभीर गुन्हेगारांच्या वर्गांत पडतो व प्रवेशास अपात्र ठरतो, मग प्रत्यक्षांत त्याला नुसता दंडच कां झालेला असेना. शिक्षा पुरी होऊन ५ वर्षें लोटल्यावर आपण सुधारलों आहों असा अर्ज पुराव्यानिशीं करतां येतो. तत्पूर्वीं जावयाचें तर सबळ कारण दाखवून तात्पुरता परवाना मागावा लागतो. अमेरिकेंत अशा एका गुन्ह्यानें दार आपोआप बंद होत नाहीं. परंतु तो गेल्या ५ वर्षांतील असेल तर अर्जदारास वैद्यकीय तपासणीस पाठवितात. आमच्या तरुणाचा आंकडा दोन्ही देशांच्या मर्यादांपलीकडचा होता, आणि त्याचीं पांच वर्षें अजून भरलीं नव्हतीं.

आत्याबाईंच्या आक्षेपाचा अर्थ असा कीं, एका अपराधास दोन शिक्षा हा अन्याय होय. येथें एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. शिक्षा हें एक प्रकारचें ऋण आहे. तें फेडतां येतें, आणि फेडल्यावर सावकारानें पुन्हां मागूं नये. परंतु विश्वास हें ऋण नव्हे. दंडाची पावती हिशेब पुरा झाल्याची साक्ष देते. माणूस बदलल्याची साक्ष ती कशी देणार? सरहद्दीवरील अधिकारी जुना दंड पुन्हां वसूल करीत नसतो. तो एवढेंच विचारतो कीं, आमच्या रस्त्यांवर तुम्हांस मोकळें सोडावें काय? घरांत बिऱ्हाड ठेवतांना आपणही चौकशी करतोंच, आणि तिला कोणी शिक्षा म्हणत नाहीं.

पण एवढ्यानें प्रश्न मिटत नाहीं. चौकशीला अंत नसेल तर तिची शिक्षाच होते. पूर्वीं या बाबतींत सरहद्द हीच माणसाची सुटका होती. स्वातंत्र्यापूर्वीं सातारा जिल्हा इंग्रजी अंमलाखालीं, आणि त्याच्या आंतबाहेर औंध, फलटण, सांगली, मिरज, जत अशीं संस्थानें विखुरलेलीं होतीं. सातारा ते सांगली एवढ्या प्रवासांत माणूस एका अंमलांतून दुसऱ्यांत जाई, आणि गांवांत तोंड दाखविण्याची सोय न राहिलेला मनुष्य हद्दीपलीकडे जाऊन नव्यानें संसार थाटी. आज उलट झालें आहे. घरीं सर्व जण विसरून गेलेला अपराध सरहद्दीवर येऊन जागा होतो. पहिल्या व्यवस्थेंत पापाला विस्मृति होती, पण तिच्यांत सुधारलेला आणि न सुधारलेला सारखेच सुटत. दुसऱ्या व्यवस्थेंत स्मृति आहे. तिला विवेकाची जोड नसेल तर दोघेही सारखेच अडकतात.

या दोहोंहून निराळा मार्ग आमच्याच मुलखांत एकदां आंखला गेला होता. १९३९ सालीं औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं, मूळचे पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रेरणेनें, आटपाडीजवळ कैद्यांची एक मुक्त वसाहत वसविली व तिला स्वतंत्रपूर हें नांव दिलें. औंध आज सातारा जिल्ह्यांत आहे आणि आटपाडी सांगली जिल्ह्यांत. त्या काळीं दोन्ही एकाच संस्थानांत होतीं. तेथें खुनासारख्या घोर अपराधांचे कैदी उंच भिंतींवांचून, शेती करीत, बायकामुलांसह राहूं लागले. १९५७ च्या 'दो आंखें बारह हाथ' या व्ही. शांताराम यांच्या चित्रपटाची कल्पना या वसाहतीवरून निघाली, आणि त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर त्याच माणदेशचे सुपुत्र होते, ही गोष्ट वाचकांस ठाऊक असेलच.

स्वतंत्रपुराचें मर्म क्षमेंत नव्हतें. तेथें कोणाचा अपराध विसरला गेला नव्हता. कोण कशासाठीं आला आहे हें सर्वांस माहीत असून विश्वास टाकला जात होता. अपराध झाकून मिळविलेला विश्वास खरा नव्हे, कारण तो भलत्याच माणसावर टाकलेला असतो. जाणून टाकलेला विश्वासच माणसाला धरून ठेवतो. कायद्यांतील पांच वर्षांची मुदत आम्हांस याच दृष्टीनें समर्थनीय वाटते. ती फार लांब आहे असें कोणी म्हणेल. परंतु तिला शेवट आहे, आणि शेवटीं आपली बाजू मांडण्याची जागा आहे. आमच्या १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानेंही हेंच तत्त्व मानलें आहे. नैतिक अधःपाताच्या गुन्ह्याबद्दल दोन वर्षें वा अधिक कैद झालेल्यास त्या कारणावरून पासपोर्ट नाकारतां येतो, तो शिक्षेनंतरचीं पांच वर्षेंच. ज्या नियमांत असा शेवट नसेल तो नियम सुधारणेस उत्तेजन देत नाहीं. तो लपविण्यास शिकवितो.

येथवर आम्हीं अपराध्याच्या बाजूनें लिहिलें. आतां रस्त्यावरील दुसऱ्या माणसाचें स्मरण केलें पाहिजे. पुण्याहून बंगळूरकडे जाणारा मोठा रस्ता सातारा-कऱ्हाडवरून जातो. उसाच्या हंगामांत या भागांतील रस्त्यांवर रात्रीं बैलगाड्या चाललेल्या असतात. पुष्कळदां मागें दिवाही नसतो, आणि गाडीवान दिवसभर श्रमून पेंगत असतो. त्या तरुणाच्या वाटेंत त्या रात्रीं अशी गाडी आली नाहीं, म्हणून त्याचा गुन्हा दहा हजारांच्या घरांत राहिला. आली असती तर? मद्य तेंच, हात तेच, वेग तोच. फरक केवळ दैवाचा. 'कोणास इजा झाली नाहीं' हें वाक्य आपण त्याच्या सद्गुणाच्या खात्यावर मांडतों, वस्तुतः तें त्याच्या नशिबाच्या खात्यावर मांडावयास हवें. आणि ज्यांच्या घरचा गाडीवान खरोखरच परत आला नाहीं, त्यांच्यासाठीं पांच वर्षांची मुदत कोणत्याच कायद्यांत लिहिलेली नाहीं. 'एवढीशी गोष्ट' हे शब्द म्हणूनच आम्हांस खटकले.

राहिला अर्जावरील उत्तराचा प्रश्न. खोटें उघडकीस आल्यास कॅनडा पांच वर्षें प्रवेश बंद करतो, ही भीति आम्हीं वडिलांस घातली असती तर तें सोपें होतें. पण भीतीनें दिलेला सल्ला कळण्याचा संभव नसेल तेथें लंगडा पडतो. आम्हीं त्यांस एवढेंच म्हटलें, "भाऊसाहेब, पहिला गुन्हा त्याच्या हातून नशेंत झाला. हा दुसरा तो शुद्धीवर असतांना करील, आणि तोही तुमच्या सांगण्यावरून." भाऊसाहेब बराच वेळ बोलले नाहींत. माजघरांतून मुलाच्या आईंचा आवाज आला, "त्याला काय वाटतें तें कोणी विचारलें आहे का?"

तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं, तें आम्हींही विचारलें नव्हतें. फोन लावला. त्यानें शांतपणें सांगितलें कीं, अर्ज चार दिवसांपूर्वींच गेला असून त्यांत त्यानें सर्व लिहिलें आहे, तारीख, कोर्ट, दंडाची रक्कम यांसह.

तात्पुरता परवाना त्याला मिळाला नाहीं, व ती नोकरी दुसऱ्या कोणास गेली. तो पुण्यासच आहे, आणि त्याचीं पांच वर्षें भरण्यास अद्याप अवकाश आहे. आत्याबाई अजून म्हणतात कीं पोराचें नुकसान झालें. तें झालें यांत शंका नाहीं. परंतु परवां सातारहून कऱ्हाडास जावयाचें होतें, तेव्हां रात्रीची वेळ असूनही भाऊसाहेबांनीं मोटारीची किल्ली आपण होऊन त्याच्या हातीं दिली, आणि स्वतः मागें बसून निर्धास्त झोंपीं गेले.