चोपन्न वस्तूंची यादी

एखादी वस्तु चांगली कीं वाईट हें कशावरून ठरवावें? तिच्या उपयोगावरून, कीं तिच्या उत्पत्तीवरून? मनुष्याच्या कृत्यांविषयीं असा प्रश्न नीतिशास्त्रांत नेहमीं विचारला जातो. हेतु पाहावा कीं परिणाम पाहावा, हा वाद तेथें शतकानुशतकें चालत आला आहे. वस्तूंविषयीं मात्र तो विचारण्याची प्रथा नाहीं. बाजारांत आपण भाव विचारतों, माल पारखतों, पैसे मोजतों आणि पिशवी घेऊन घरीं येतों. ही वस्तु कोणत्या भूमींत, कोणाच्या श्रमानें आणि कशाचा नाश करून जन्मास आली, अशी चौकशी करणारें गिऱ्हाईक दुकानदाराला विक्षिप्त वाटेल. परंतु अलीकडे हाच प्रश्न मोठमोठ्या देशांच्या प्रमुखांना एकत्र बसून सोडवावा लागला, आणि तो त्यांना नीटसा सुटला नाहीं. ती हकीकत व तिच्यांतून निघणारा बोध यांचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रशांत महासागराच्या दोन्ही कांठांवरील देशांनीं आपसांतील व्यापार मोकळा व्हावा या हेतूनें १९८९ सालीं ऑस्ट्रेलियांतील कॅनबेरा येथें एक संस्था सुरू केली. 'आशिया-पॅसिफिक आर्थिक सहकार्य' असें तिचें नांव असून इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'एपेक' म्हणतात. आरंभीं बारा असलेले तिचे सभासद आज एकवीस आहेत. अमेरिका, चीन, जपान, रशिया यांच्यासारखे बलाढ्य देश तींत आहेत. तसेच इंडोनेशिया, मलेशिया, पेरू व पापुआ न्यू गिनी हेहि आहेत. भारत तिचा सभासद नाहीं. या संस्थेचे दोन विशेष ध्यानांत ठेवण्याजोगे आहेत. पहिला असा कीं, तिच्या सभासदांना राष्ट्रें म्हणत नाहींत, 'अर्थव्यवस्था' म्हणतात; कारण १९९१ सालीं चीनबरोबर हाँगकाँग व तैवान यांनाहि तींत प्रवेश मिळाला आणि राष्ट्र या शब्दानें तंटा उभा राहिला असता. दुसरा विशेष असा कीं, तिचे ठराव सर्वसंमतीनें होतात व स्वेच्छेनें पाळले जातात. तेथें न्यायालय नाहीं, दंड नाहीं. आहे ती केवळ चारचौघांत दिलेल्या शब्दाची चाड.

१९९४ सालीं या सभासदांचे प्रमुख इंडोनेशियांतील बोगोर येथील राजवाड्यांत जमले. प्रगत सभासदांनीं २०१० पर्यंत व इतरांनीं २०२० पर्यंत आपापला व्यापार व गुंतवणूक खुली करावी, असें ध्येय तेथें ठरलें. या राजवाड्याला लागूनच डच अमदानींतील एक प्रसिद्ध वनस्पतिउद्यान आहे. त्या उद्यानांत १८४८ सालीं मूळच्या पश्चिम आफ्रिकेंतील तेलताडाचीं चार रोपें लावण्यांत आलीं होतीं. पुढें आग्नेय आशियांत या झाडाचे जे अफाट मळे पसरले, त्यांचें मूळ बहुतांशीं या चार रोपांपर्यंत जातें. खुल्या व्यापाराचा संकल्प आणि त्या संकल्पापुढें उभा राहिलेला सर्वांत अवघड पेच, या दोहोंचीं मुळें अशा रीतीनें एकाच गांवच्या मातींत आहेत.

तो पेच पुढीलप्रमाणें उत्पन्न झाला. २०११ सालीं होनोलुलु येथें सभासदांनीं ठरविलें कीं, व्यापाराची वाढ निसर्गाच्या मुळावर येऊं नये. उलट निसर्गाच्या रक्षणास उपयोगी पडणाऱ्या मालावरील जकात २०१५ अखेर शेंकडा पांच किंवा त्याहून कमी करावी. असा माल कोणता, हें ठरविण्यासाठीं पुढल्या वर्षीं रशियांतील व्लादिवोस्तोक येथें चोपन्न वस्तूंची यादी मान्य झाली. सूर्यप्रकाशापासून वीज करणारे घट, पवनचक्कीचे संच, पाणी गाळण्याचीं यंत्रें, कचरा जाळण्याच्या भट्ट्या व त्यांचे सुटे भाग, हवेंतील दूषित वायु मोजण्याचीं उपकरणें, अशा वस्तु तींत आहेत. यंत्रें व उपकरणें यांच्या या मांदियाळींत बांबूच्या फळ्यांची जमीन ही एकच वस्तु अशी, कीं जिचा जन्म बेटांत झाला, कारखान्यांत नव्हे. सभासदांपैकीं बहुतेकांनीं आपला शब्द पाळला, कांहींनीं मुदतीनंतर कां होईना. आणि सक्ती नसतांना इतकें घडलें, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु इंडोनेशियाचा आग्रह होता कीं, पामतेलहि या यादींत यावें. तो मान्य झाला नाहीं. २०१३ सालीं परिषदेचें यजमानपद त्याच्याकडेच असतांना बाली येथें त्यानें हा विषय पुन्हा काढला. तेव्हां ग्रामीण विकास व दारिद्र्यनिवारण यांस हातभार लावणाऱ्या मालाच्या व्यापाराचा पुढें विचार करावा, अशा सौम्य शब्दांवर त्याची बोळवण झाली. यादी जशीच्या तशी राहिली.

आतां या वादांत न्याय कोणाच्या बाजूस आहे? इंडोनेशियाचा पक्ष आपण प्रथम समजून घेऊं, कारण तो आपल्याला अपरिचित नाहीं. १८९२ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत न्यायमूर्ति रानडे यांनीं भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलें, तेव्हां इंग्लंडच्या परिस्थितींत जन्मलेले सिद्धांत सर्व देशांस व सर्व काळीं सारखेच लागू पडतात, हें म्हणणें त्यांनीं अमान्य केलें होतें. इंडोनेशियाचें म्हणणें त्याच जातीचें आहे. ज्या देशांनीं आपलीं अरण्यें तोडून शेती व कारखाने वाढविले, तेच आज अरण्यरक्षणाचे नियम सांगत आहेत. आणि त्या नियमांप्रमाणें निसर्गाचा मित्र ठरतो तो त्यांच्या कारखान्यांतील माल. इंडोनेशियांतील तेलताडाच्या एकंदर लागवडीपैकीं सुमारें शेंकडा चाळीस क्षेत्र लहान शेतकऱ्यांकडे आहे. एका हेक्टरांत सोयाबीनपासून जितकें तेल निघतें त्याच्या कित्येक पट तेल हें झाड देतें. म्हणजे तितक्याच तेलासाठीं दुसरें पीक घ्यावयाचें तर जमीन अधिकच लागेल. मग यंत्राला सवलत आणि शेतकऱ्याच्या पिकाला नाहीं, हा न्याय कोणता?

दुसरी बाजूहि तितकीच सबळ आहे. सुमात्रा व बोर्निओ या बेटांवरील घनदाट अरण्यें तोडून या मळ्यांपैकीं पुष्कळसे उभे राहिले. तेथील कित्येक जमिनी हजारों वर्षें पाण्यांत कुजत पडलेल्या झाडपाल्याच्या बनलेल्या आहेत. लागवडीसाठीं चर खणून त्या कोरड्या केल्या म्हणजे उन्हाळ्यांत पेट घेतात, आणि जमिनीच्या पोटांतील ती आग आठवडेच्या आठवडे धुमसत राहते. १९९७ सालीं व पुन्हा २०१५ सालीं या आगींचा धूर सिंगापूर व मलेशिया यांवर पसरला. २०१५ सालीं तर तेथील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मालाला सरहद्दीवर जकात असते, धुराला नसते. आग्नेय आशियांतील देशांनीं या धुराच्या निवारणासाठीं २००२ सालीं आपसांत करार केला. ज्या देशांतून धूर मुख्यतः निघत होता त्या इंडोनेशियानें त्यास मान्यता दिली ती २०१४ सालीं. इंडोनेशियानें पुढें कांहींच केलें नाहीं, असें मात्र नव्हे. मूळ अरण्यांत नवे परवाने देण्यास त्यानें २०११ सालीं घातलेली तात्पुरती बंदी २०१९ सालीं कायमची केली. परंतु गरिबाच्या पिकाला सवलत हवी हें खरें मानलें, तरी त्यामुळें जळलेलें अरण्य पुन्हा उभें राहत नाहीं, आणि शेजारच्या मुलाची छातीहि स्वच्छ होत नाहीं.

माझ्या मतें या वादाची मेख अशी आहे कीं, यादी करणाऱ्यांनीं दोन प्रकारच्या वस्तु दोन निरनिराळ्या तराजूंत तोलल्या. यंत्राचा विचार करतांना त्यांनीं केवळ त्याचा उपयोग पाहिला, आणि तेलाचा विचार करतांना त्याची उत्पत्ति पाहिली. सूर्याचा घट घराच्या गच्चीवर बसला म्हणजे धूर करीत नाहीं. म्हणून तो निर्मळ. पण असे घट जगांत सर्वांत अधिक प्रमाणांत चीनमध्यें तयार होतात, आणि तेथील निम्म्याहून अधिक वीज अनेक वर्षें दगडी कोळशापासून होत आली आहे. घट आपल्या आयुष्यांत हें ऋण फेडून पुष्कळ शिल्लक टाकतो, हें खरें. परंतु त्याच्या जन्माची चौकशी यादीनें केली नाहीं, हेंहि खरें. उलट पामतेल कढईंत कसें वागतें हें कोणीं विचारलें नाहीं. तें कोठून आलें एवढेंच पाहिलें. तराजू बदलला कीं निकाल बदलतो, आणि तराजू निवडण्याचा अधिकार ज्याच्या हातीं, त्याचाच माल बहुधा निर्मळ ठरतो. याच यादीचा आधार घेऊन २०१४ सालीं जागतिक व्यापार संघटनेच्या कांहीं सभासदांनीं अधिक विस्तृत कराराचीं बोलणीं आरंभिलीं. सायकल यादींत घ्यावी कीं नाहीं, हा त्यांतील वादाचा एक मुद्दा होता. आणि २०१६ च्या डिसेंबरांत तीं बोलणीं फिसकटलीं. पायांच्या बळावर चालणाऱ्या सायकलीविषयींहि जेथें एकमत होत नाहीं, तेथें निसर्गप्रेमाच्या वेषांत कोण बोलत होता, हें चाणाक्ष वाचकांस सांगावयास नको.

कोणी म्हणेल, या दूरच्या देशांच्या भांडणाशीं आमचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो स्वयंपाकघरांतला आहे. जगांतील पामतेलापैकीं चार-पंचमांशाहून अधिक तेल इंडोनेशिया व मलेशिया हे दोन देश काढतात, आणि तें परदेशांतून सर्वांत अधिक विकत घेणारा देश भारत आहे. आपण शेंगदाण्याचें किंवा करडईचें तेल वापरतों, असें समाधान मानणाऱ्या कुटुंबांतहि तें बिस्किटांतून, फरसाणांतून, वनस्पति तुपांतून व अंगाच्या साबणांतून येतें. २०२२ च्या एप्रिल अखेर इंडोनेशियानें या तेलाची निर्यात सुमारें तीन आठवडे बंद केली, तेव्हां आपल्याकडे तेलाच्या भावाची जी चिंता पसरली, तिनें हा संबंध सर्वांस दाखवून दिला.

मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत मांसभक्षणाच्या प्रकरणीं हिंसेचा दोष एकट्या मारणाऱ्याच्या माथीं ठेवलेला नाहीं. विकणारा व विकत घेणारा धरून त्या व्यवहारांत ज्यांचा ज्यांचा हात लागला त्या सर्वांना त्यांत वांटेकरी केलें आहे. मनूच्या इतर कित्येक मतांशीं आपलें पटणार नाहीं, आणि पटूंहि नये. पण दोष हा साखळीच्या एका कडीवर थांबत नाहीं, हा विचार त्यानें स्पष्ट केला, एवढें श्रेय त्यास दिलें पाहिजे. रिकार्डोनें १८१७ सालीं इंग्लंडचें कापड व पोर्तुगालचें मद्य यांचें उदाहरण घेऊन परस्पर व्यापारानें दोघांचाहि लाभ कसा होतो हें दाखविलें. तें गणित चुकलेलें नाहीं. परंतु त्यांत मांडलेल्या पक्षांपैकीं एकहि पक्ष अरण्याचा नाहीं, आणि धुरांत राहणाऱ्या तिसऱ्याचाहि नाहीं. जी किंमत कोणीच मोजीत नाहीं, ती वस्तूच्या भावांत दिसत नाहीं. तिलाच आपण स्वस्ताई म्हणतों.

मग पामतेल वर्ज्य करावें काय? तसें करणें सोपें आहे, आणि म्हणूनच तें पुरेसें नाहीं. आपण तें टाकलें तर लहान शेतकऱ्याचें पीक प्रथम बुडेल, मोठा मळेवाला दुसरें गिऱ्हाईक शोधील, आणि तितक्याच तेलासाठीं दुसरीकडे अधिक जमीन नांगराखालीं येईल. आपल्या हातांना डाग लागला नाहीं एवढेंच समाधान अशा त्यागांतून मिळतें. अरण्य वांचत नाहीं. वांटेकऱ्याचें कर्तव्य पळून जाण्याचें नसून हिशेब मागण्याचें आहे. अरण्य न तोडतां पिकविलेलें तेल ओळखून त्यास प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था २००८ पासून अस्तित्वांत आहे. तिच्यांत दोष आहेत, तरी तिच्यामुळें उत्पत्तीचा प्रश्न निदान विचारतां येतो. जो सर्वांत मोठा खरेदीदार आहे त्यानें तो प्रश्न विचारला, आणि उत्तर समाधानकारक असेल तेथें चार पैसे अधिक मोजण्याची तयारी दाखविली, तर त्याचा परिणाम जकातीच्या कोणत्याहि यादीहून कमी होणार नाहीं. एकट्या गृहस्थाचें हें काम नव्हे, हें मला मान्य आहे. महिन्याच्या मिळकतींत घर चालविणाऱ्या बाईला डब्यावरील बारीक अक्षरें वाचून जगाचा न्याय करण्यास सांगणें निष्ठुरपणाचें होईल. पण तिच्या वतीनें विचारणारें सरकार, व्यापारी मंडळ्या व सुशिक्षित वर्ग यांना ही सबब सांगतां येणार नाहीं.

शिवाय हा प्रश्न आतां आपल्या अंगणांतहि आला आहे. परक्या तेलावरील अवलंबन कमी व्हावें म्हणून भारत सरकारनें २०२१ च्या ऑगस्टांत तेलताडाच्या लागवडीची ११,०४० कोटी रुपयांची योजना मंजूर केली, आणि तींत ईशान्येकडील राज्यें व अंदमान बेटें यांवर विशेष भर दिला. स्वदेशी तेलाची इच्छा योग्यच आहे. परंतु जो प्रश्न आपण सुमात्राविषयीं विचारूं, तोच अरुणाचल व मिझोराम यांविषयीं विचारण्याची तयारी आपल्यापाशीं पाहिजे. दुसऱ्याचें अरण्य तुटतांना निसर्ग आठवावा आणि आपलें तुटतांना शेतकऱ्याचें दारिद्र्य आठवावें, हा तोच दोन तराजूंचा व्यवहार होय.

शेजाऱ्यांच्या सहकार्याचा खरा अर्थ माझ्या दृष्टीनें येथें आहे. जकात कमी करणें हा त्याचा आरंभ आहे, शेवट नव्हे. ज्यांच्यामध्यें एकच समुद्र व एकच हवा आहे, त्यांनीं वस्तूंच्या उपयोगाबरोबर उत्पत्तीचाहि हिशेब एकमेकांपुढें मांडावा, आणि तो मांडतांना श्रीमंताच्या यंत्राला व गरिबाच्या पिकाला एकच माप लावावें. बंधन नसलेल्या संस्थेकडून एवढें होईल काय, अशी शंका पुष्कळांस येते. पण प्रामाणिक वजनमापाची रीतहि बाजारांत प्रथम शब्दाच्या चाडेनेंच रुजते. कायदा तिच्या मागून येतो. चोपन्न वस्तूंच्या यादीनें निसर्गासाठीं जकात सोडतां येते हें सिद्ध केलें. पंचावन्नावी वस्तु कोणती असावी, हें ठरवितांना ज्या दिवशीं विकणाऱ्याइतकाच विकत घेणाराहि आपला वांटा कबूल करील, त्या दिवशीं ही यादी व्यापाराच्या दप्तरांतून निघून नीतीच्या प्रांतांत आली असें म्हणतां येईल.