घड्याळावर नको, रेषेवर

तालुक्याच्या गावातलं एक मंगल कार्यालय. लग्नाच्या स्टेजसमोर टेबलं जोडून मैदान केलेलं, त्यावर पांढरा फ्लेक्स, फ्लेक्सवर काळ्या पट्ट्या. शाळांची रोबो स्पर्धा होती आणि मी एका मराठी माध्यमाच्या शाळेच्या टीमबरोबर मदतनीस म्हणून गेलो होतो. सातवी-आठवीतली पाच मुलं, तीन मुली आणि दोन मुलगे. त्यांची गाडी प्लायवुडच्या पायावर उभी होती. दोन पिवळ्या बीओ मोटर, एक अर्डुइनो, दोन लिथियम सेल. चौकोनातून निघायचं, सरळ जायचं, उजवीकडे वळायचं आणि ठोकळा गोलात ढकलायचा, एवढंच काम. शाळेत हे दहापैकी नऊ वेळा जमत होतं. इथे पहिल्याच फेरीत गाडी वळणाच्या पुढे धावली आणि टेबलावरून खाली पडली.

पुढच्या फेरीला अर्धा तास होता. एका मुलाचे वडील लगबगीने पुढे आले. त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, हातात कसब होतं आणि लेकाचा चेहरा त्यांना बघवत नव्हता. “द्या इकडे, मी बघतो.” मुलांच्या बाई मध्ये उभ्या राहिल्या. “दादा, मुलांनाच बघू द्या.” ते थांबले. त्या दिवशी मोठ्या माणसांनी केलेलं सगळ्यात मोठं काम हेच, असं मला आजही वाटतं.

मुलांची भांडाभांडी सुरू झाली. चाक घसरतंय. प्रोग्राम कुणीतरी बदललाय. फ्लेक्स शाळेतल्यापेक्षा गुळगुळीत आहे. एका मुलीने कुणाशी न बोलता मल्टिमीटर लावला आणि आकडा मोठ्याने वाचला, ८.३. मग टीमची वही उघडली. शाळेत चाचण्या घेताना तिने रोज व्होल्टेज लिहून ठेवलं होतं, बहुतेक पानांवर ७.५ च्या आसपास. आदल्या रात्री सेल रात्रभर चार्जिंगला लावले होते. भरलेल्या सेलवर मोटर जोरात फिरते, आणि प्रोग्राममध्ये लिहिलं होतं ‘दोन सेकंद पुढे जा’. सेकंद तेवढेच, अंतर जास्त.

एक मुलगा म्हणाला, मग दोनच्या जागी पावणेदोन करू. वहीवाली मुलगी म्हणाली, “तिसऱ्या फेरीपर्यंत सेल उतरले की परत चुकणार. घड्याळावर नको, रेषेवर थांबवूया.” म्हणजे गाडीला वेळ सांगायचीच नाही. काळी पट्टी दिसेपर्यंत जा, दिसली की वळ.

हीच गोष्ट मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला फीडबॅक कंट्रोल या नावाने शिकलो. पेपरात बरे मार्कही पडले. पण ती नसेल तर काय होतं, हे मला टेबलावरून पडणाऱ्या गाडीने दाखवलं नव्हतं.

अशा अर्ध्या तासासाठी शाळकरी मुलांच्या इंजिनिअरिंग स्पर्धा हव्यात, असं माझं म्हणणं आहे. प्रयोगशाळेतल्या प्रॅक्टिकलचं उत्तर आधीच माहीत असतं. जर्नल गेल्या वर्षीच्या मुलाचं उतरवता येतं. इथे उत्तर कुणाकडेच नसतं, आणि चूक कुणा एकाची राहत नाही. ती पाचही जणांची होते, म्हणून तिच्याकडे न घाबरता बघता येतं. एकट्या मुलाची गाडी पडली असती तर तो रडला असता किंवा वडिलांकडे बघत राहिला असता. पाच जण होते म्हणून भांडले, आणि भांडता भांडता कारणापर्यंत पोचले.

या प्रकाराला आजचं रूप ज्यांनी दिलं त्यांची गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेत एमआयटीत वुडी फ्लॉवर्स नावाचे प्राध्यापक यंत्ररचना शिकवत. विद्यार्थ्यांना सटरफटर सामानाची एकेक पिशवी मिळायची, त्यातून यंत्र बनवायचं आणि सत्राच्या शेवटी सगळ्यांसमोर ती यंत्रं एकमेकांविरुद्ध उतरवायची. डीन केमेन या संशोधकाने १९८९ मध्ये ‘फर्स्ट’ ही संस्था काढली आणि फ्लॉवर्स यांच्या साथीने हाच प्रकार शाळांत नेला. केमेन यांना सलत होतं ते हे, की मुलांसमोर नायक म्हणून फक्त खेळाडू आणि नट आहेत. बास्केटबॉलच्या सामन्याला मिळतो तसला आरडाओरडा यंत्र बनवणाऱ्या पोरांच्या वाट्याला का येऊ नये? १९९२ साली न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मँचेस्टर गावी, एका शाळेच्या जिममध्ये २८ टीम जमल्या. मैदानावर मक्याचे दाणे पसरले होते आणि यंत्रांनी त्यावरून फिरून टेनिसचे चेंडू गोळा करायचे होते. दाण्यांवर चाक कसं धरेल, हे पाठ्यपुस्तकात कुठे सापडणार? करूनच बघावं लागतं.

त्या स्पर्धेच्या रचनेतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. मोठ्या मुलांच्या गटात आज तीन-तीन टीमची युती होऊन सामना होतो आणि पात्रता फेऱ्यांत फेरीगणिक युती बदलते. सकाळी जो तुमच्या बाजूने खेळला तो दुपारी समोर उभा असतो. साहजिकच त्याचं यंत्र चालू राहण्यात तुमचंही हित असतं. एकमेकांना स्पॅनर देणं, मोटर देणं, प्रोग्राम तपासून देणं ही तिथली रीत आहे. फ्लॉवर्स यांनी तिच्यासाठी ‘ग्रेशस प्रोफेशनॅलिझम’ हे नाव रूढ केलं. काम कसून करा आणि समोरच्याचा मान राखा, असा त्याचा अर्थ. लहान मुलांसाठी १९९८ पासून लेगोच्या साथीने चालणाऱ्या स्पर्धेत रोबोचा खेळ हा मूल्यमापनाच्या चार भागांपैकी फक्त एक. यंत्राची रचना, एखाद्या खऱ्या प्रश्नावर केलेला अभ्यास आणि टीम एकमेकांशी कशी वागते, हे उरलेले तीन. टीमच्या वागण्याला यंत्राइतकंच वजन आहे.

आपल्याकडेही हे अगदी परकं नाही. कॉलेजांच्या पातळीवर रोबोकॉन ही स्पर्धा आहे. २००८ साली तिची आंतरराष्ट्रीय फेरी पुण्यात झाली तेव्हा खेळाचं नाव होतं ‘गोविंदा’. आशियातल्या देशोदेशींच्या विद्यार्थ्यांनी दहीहंडीची यंत्रं बांधून आणली, टांगलेल्या हंडीतलं लोणी काढणारी. आणि हाताने शिकण्याची वाट तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्येच विज्ञान आश्रम काढून दाखवली. तिथली मुलं वेल्डिंग करतात, शेती करतात, रक्तगट तपासतात, आणि त्यातूनच विज्ञान शिकतात. कलबाग उच्च शिक्षण आणि मोठ्या कंपनीतलं संशोधन मागे ठेवून एका कोरडवाहू गावात राहायला गेले होते. शाळेतल्या टिंकरिंग लॅबबद्दल बोलताना आपण त्यांची आठवण काढत नाही, याचं मला वाईट वाटतं.

टिंकरिंग लॅब मात्र आता खूप झाल्या. नीती आयोगाने २०१६ पासून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी अटल टिंकरिंग लॅब सुरू केल्या. शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं आणि अशा सुमारे १०,००० लॅब देशभर आहेत. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी आणखी ५०,००० जाहीर झाल्या. पैसा आला, सामान आलं. पण एका शाळेत मी थ्रीडी प्रिंटर काचेच्या कपाटात कुलूपबंद पाहिला आहे, मुलांनी बिघडवू नये म्हणून. जे बिघडवायची मुभा नाही, ते दुरुस्त करायला कोण शिकेल?

याहून मोठी अडचण आमची आहे, मोठ्यांची. विज्ञान प्रदर्शनात वर्षानुवर्षं तेच इंजेक्शनच्या सिरिंजचे हायड्रोलिक पूल दिसतात. थर्माकोल दुकानातून कापून आणलेला, तक्ता आईने रंगवलेला, आणि पोर माहिती धडाधड पाठ म्हणतं. मध्येच अडवून ‘हा दट्ट्या दाबला तर तो का वर येतो’ विचारलं, की परत पहिल्या वाक्यापासून सुरुवात. दोष त्या पोराचा मुळीच नाही. रोबोच्या स्पर्धांतही हे शिरलं आहे. फी भरून क्लासला जा, प्रोग्राम सर लिहितात, मुलं स्टार्टचं बटण दाबतात. बक्षीस मिळतं, फोटो छापून येतो. मी परीक्षक असतो तेव्हा एकच करतो, गाडीची एक वायर काढून ठेवतो आणि म्हणतो, आता चालवून दाखव. ज्यांनी बनवली ती मुलं खाली वाकून शोधायला लागतात.

आणखी एक गोष्ट नजरेत खुपते. मिश्र टीम असली की स्क्रूड्रायव्हर मुलांच्या हातात आणि तक्ता, सुवाच्य अक्षर, परीक्षकांपुढचं भाषण मुलींकडे. कुणी मुद्दाम करत नाही, आपोआप होतं, म्हणून ते मुद्दाम मोडावं लागतं. कामं दर आठवड्याला फिरवायची, एवढं साधं करूनही फरक पडतो. भाषेचंही तसंच. आपण काय केलं हे मराठीत नेमकं सांगणारी मुलगी परीक्षकांसमोर इंग्रजीत दोन वाक्यांवर अडखळते आणि तिला काही येत नाही असं ठरतं. मुलांना त्यांच्या भाषेत बोलू द्यावं, ‘सोल्डर सुटलं’, ‘गिअर अडकतोय’ असं. इंजिनिअरिंगची खरी भाषा तीच आहे, कुठल्याही गॅरेजमध्ये ऐका.

नववी लागली की पालक मुलांना टीममधून काढतात, कारण पुढे सीईटी, जेईई आहे. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, त्यांची काळजी खरी आहे. एवढंच म्हणतो, की तुम्ही पोराला इंजिनिअर करायला निघालात, तर इंजिनिअर दिवसभर काय करतो ते त्याला आधी एकदा बघू द्या. काहींना त्यातून कळतं की हे आपलं काम नाही. तेही वेळेत कळलेलं बरं.

त्या मंगल कार्यालयात पुढे काय झालं ते राहिलं. रेषेवर थांबायचं ठरलं, पण आमच्याजवळचा सेन्सर मेलेला निघाला. शेजारच्या टेबलावर जिल्हा परिषद शाळेची टीम होती, त्यांच्याकडे एक जादा होता. मागायला आमचीच मुलं लाजत होती. त्यांनी मात्र विचारलंसुद्धा नाही कशाला हवा. दुसऱ्या फेरीत आमची गाडी पट्टीच्या बोटभर अलीकडेच थांबली, कारण हॉलमधल्या ट्यूबलाइटच्या उजेडात पांढरा फ्लेक्सही सेन्सरला वेगळा दिसत होता. तिसऱ्या फेरीत वळली आणि ठोकळा गोलात गेला. नंबर आला नाही.

निघताना वहीवाली मुलगी सेन्सर परत द्यायला गेली. तो वहीच्या कागदात गुंडाळला होता आणि कागदावर तिने लिहिलं होतं, ‘या हॉलमध्ये ६२० वर बरोबर चालतो.’ त्यांची शेवटची फेरी बाकी होती. समोरच्या मुलाने कागद उलगडून आकडा वाचला, तिला थँक्यू म्हणायचंही त्याला सुचलं नाही, तो लॅपटॉपकडे धावला.