भरल्या पोटाची दया

चकल्या-करंज्यांनी पोट भरले म्हणजे दाराशी आलेल्याला दोन लाडू देणे कठीण जात नाही. अशा दयेचे मोल किती धरावे?

हा प्रश्न मला पडला तो न्यूझीलंडच्या समुद्रात. आबेल टास्मान राष्ट्रीय उद्यानाच्या किनाऱ्याने, सोनेरी पुळणींच्या कडेकडेने आम्ही दिवसभर कयाक वल्हवीत होतो. टोंगा बेटाच्या खडकांवर सील ऊन खात पडले होते. त्यांच्यापासून २० मीटर दूर राहायचे, असा तेथील दंडक. आम्ही तो पाळला, आणि मनाला बरे वाटले.

पण हे बरे वाटणे कितपत कमावलेले? ही होडी मुळात उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची. सीलचे कातडे सांगाड्यावर ताणून ती बांधायची आणि पाणी न वाजवता सीललाच गाठायचे! त्या शिकाऱ्याला निर्दय कोण म्हणेल? त्याच्या भूमीत शेत पिकत नाही, आणि घरी मुले उपाशी. उलट १९व्या शतकाच्या आरंभी न्यूझीलंडात आलेल्या व्यापाऱ्यांच्या टोळ्यांनी कातड्यांसाठी सीलांचा जवळजवळ निर्वंश केला. ती भूक नव्हे, हाव.

मग माझी अहिंसा कोठे बसते? मला सील मारण्याची गरजच नाही. न मारण्यात पुण्य ते कसले? मात्र डोळ्यांनाही हाव असते. 'आणखी थोडे जवळ,' असे ती सारखी म्हणते. त्या वेळी वल्हे उलटे मारून मागे सरणे, एवढेच माझ्या वाट्याचे पुण्य. ते लहान खरे. पण फुकटचे नाही.